वजनाच्या ऑपरेशननंतर बिघडलं तर: तोंडावाटे दुरुस्ती कशी होते

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेच्या बातम्या दोनच प्रकारच्या येतात. कुणीतरी प्रसिद्ध माणूस ओळखू येणार नाही इतका बारीक झाला, ही एक. ऑपरेशननंतर कुणीतरी दगावलं, ही दुसरी. या दोन टोकांच्या मधे बरीच माणसं असतात आणि त्यांची बातमी कधी होत नाही. ऑपरेशन पार पडलं, मग चार दिवसांनी नाहीतर चार वर्षांनी काहीतरी बिघडलं, आणि पोट पुन्हा न उघडता, तोंडातून नळी घालून ते सावरलं.

अशा रुग्णाच्या नातेवाइकांना डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, ‘लीक आहे. आत पिगटेल सोडलंय. पाच-सहा आठवड्यांनी बदलू.’ नातेवाईक विचारतात, ‘म्हणजे भोक बुजवलं ना?’ उत्तर येतं, ‘नाही, उलट ते उघडं राहील अशी सोय केली आहे.’ आता यावर गोंधळ उडणारच. भोक पडलंय आणि डॉक्टर ते उघडं ठेवतात, हा काय प्रकार? टाळाटाळ चाललीय की काय, असंही वाटून जातं. पण या उपचारांची सगळी मेख त्या एका उत्तरात आहे. ती कळली की स्टेंट, फुगा, स्पंज वगैरे शब्द ऐकून घाबरायला होत नाही.

## ऑपरेशनमध्ये आत काय बदलतं

वजनासाठी होणारी ऑपरेशनं बरीच आहेत, पण हा लेख समजायला दोन पुरेशी आहेत.

पहिलं स्लीव्ह. जगात आज सर्वांत जास्त हेच होतं. जठराचा बाहेरच्या बाजूचा फुगीर भाग, साधारण ७५ ते ८० टक्के, कापून कायमचा काढून टाकतात. उरते ती अरुंद उभी नळी. कापायचं आणि शिवायचं काम स्टेपलर एकाच वेळी करतो. तो बारीक धातूच्या पिनांच्या ओळी मारत जातो आणि मधून कापत जातो. म्हणजे जठराच्या एका कडेला वीतभर लांबीची पिनांची शिवण तयार होते.

दुसरं बायपास. याची कल्पना १९६०च्या दशकातली, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले सर्जन एडवर्ड मेसन यांची. यात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटर मावेल एवढी पिशवी वेगळी करतात. लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक या पिशवीला जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, पण अन्नाच्या वाटेवरून बाजूला पडतं. त्याचे रस आणि पित्त बरंच खाली, दुसऱ्या एका जोडातून अन्नाला येऊन मिळतात. बाजूला पडलेलं हे जठर पुढे एका ठिकाणी आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

एक खुलासा इथेच करायला हवा, कारण आपण दोन वेगळ्या गोष्टींना दुर्बीणच म्हणतो. पोटावर छोटी छिद्रं पाडून आत कॅमेरा घालतात ती लॅप्रोस्कोपी. स्लीव्ह आणि बायपास हल्ली बहुतेक तशीच होतात. तोंडातून लवचीक नळी घालून जठराच्या आत उतरतात ती एंडोस्कोपी. या लेखात दुरुस्तीचं बहुतेक काम एंडोस्कोपीचं आहे. पोटाला बाहेरून टाका नाही, छेद नाही. भूल मात्र लागते, आणि लांबलचक कामासाठी पूर्ण भूलच देतात.

## गळती होते तरी का?

सगळ्यांत धास्तीची गुंतागुंत म्हणजे गळती. शिवणीत कुठेतरी फट पडते आणि जठरातला रस, लाळ, प्यायलेलं पाणी पोटाच्या पोकळीत झिरपतं. तिथे पू साठतो. स्लीव्हनंतर शंभरात साधारण एखाद-दुसऱ्याला हे होतं, सरावलेल्या केंद्रांमध्ये त्याहूनही कमी.

आता गंमत अशी की शिवण वीतभर लांब असली तरी गळती होते ती बहुतेक वेळा एकाच जागी. शिवणीच्या अगदी वरच्या टोकाला, अन्ननलिका जठराला मिळते तिथे. यामागे दोन कारणं सांगतात. त्या कोपऱ्यात रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, हे एक. दुसरं कारण दाबाचं, आणि उपचाराच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं.

बागेत पाणी घालायची नळी घ्या आणि तिचं पुढचं तोंड अंगठ्याने दाबून धरा. पाणी मागे दाटतं आणि नळीचा जो सांधा आधीच कच्चा असेल तिथून फुटतं. त्या सांध्याला कितीही चिकटपट्टी गुंडाळा, अंगठा दाबलेला आहे तोवर ती टिकत नाही. स्लीव्हचं अगदी असंच आहे. जठर मुळात मोठं आणि सैल असतं, आत काही आलं की ते पसरतं. त्याची अरुंद नळी केली की पसरायला जागाच राहत नाही. खालच्या टोकाला जठराच्या तोंडाची झडप घट्ट असते. त्यात मधेच, जठर वळतं त्या कोनात, नळी जरा आवळली गेली किंवा तिला पीळ पडला, की वरचा दाब आणखी वाढतो आणि कच्चं टोक फाटतं.

म्हणून अनुभवी एंडोस्कोपिस्ट भोकाकडे पाहायच्या आधी खाली उतरून वाट कुठे आवळली आहे का ते पाहतो. भोक दिसतं वर, पण बऱ्याचदा त्याचं मूळ खाली असतं.

गळती ओळखायची कशी? ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत नाडी सतत जलद चालणं, विशेषतः मिनिटाला १२० च्या वर जाणं, हे सर्वांत बोलकं लक्षण. ताप, धाप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं ही त्याच्या सोबतची. वजन जास्त असलेल्या माणसाचं पोट हाताने तपासून फारसं काही कळत नाही, त्यामुळे नाडीवर जास्त भरवसा ठेवतात. सीटी स्कॅनमध्ये गळती दिसली तर प्रश्नच मिटला. पण स्कॅन साफ आला आणि नाडी मात्र धावतेच आहे, तर ‘काही नाही, घरी जा’ असं कुणी म्हणू नये आणि रुग्णाने ऐकूही नये.

## मग भोक सरळ शिवून का टाकत नाहीत?

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि पूर्वी सर्जनही तेच करायचे. पोट पुन्हा उघडून टाके घालायचे. काही दिवसांत ते टाके सुटायचे. कारण गळती लक्षात येईपर्यंत भोवतालचा भाग सुजलेला, पुवाने भिजलेला असतो. अशा मऊ पडलेल्या ऊतीत टाका घातला की दोरा तिला कापतच बाहेर येतो. शिवाय दाबाचं मूळ कारण तिथेच राहिलेलं.

शरीराला असं भोक स्वतः भरून काढता येतं, फक्त चार अटी आहेत. साठलेला पू बाहेर पडायला हवा. नळीतला दाब कमी व्हायला हवा. निदान सुरुवातीला तरी पोटात अन्न नेहमीच्या वाटेने नको, पण पोषण तर मिळायला हवं. आणि वेळ हवा. एंडोस्कोपीतली सगळी आयुधं यांतली कुठली ना कुठली अट पुरी करण्यासाठी आहेत. भोक बुजवायची साधनंही आहेत, नाही असं नाही. नळीच्या टोकावर बसवून आणलेली मोठी क्लिप भोकाच्या दोन्ही कडा जबड्यात धरून मिटते. नळीतूनच टाके घालायचं यंत्रही आहे. पण ही दोन्ही उपयोगी पडतात ती भोक छोटं, ताजं आणि कडा निरोगी असताना. जुनाट गळतीवर नुसती क्लिप लावून मोकळं होणं हे माझ्या मते रुग्णापेक्षा नातेवाइकांचं समाधान करण्यासाठी जास्त असतं.

### स्टेंट: आतून अस्तर

स्टेंट म्हणजे आपोआप उलगडणारी जाळीदार धातूची नळी, वर प्लास्टिकसारखं आवरण चढवलेलं. ती अन्ननलिकेच्या खालच्या भागापासून स्लीव्हच्या आत अशी बसवतात की भोक तिच्या मागे झाकलं जातं. लाळ आणि पाणी स्टेंटमधून खाली जातं, भोकाकडे वळत नाही. आवळलेली जागाही त्याच नळीने उघडी राहते. म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

साधारण चार ते आठ आठवड्यांनी स्टेंट काढतात. त्याहून जास्त ठेवला तर ऊती जाळीत रुतते आणि काढताना इजा होते. त्याचा मुख्य दोष म्हणजे तो सरकतो. स्टेंट मुळात अन्ननलिकेतल्या गाठींसाठी बनलेले. गाठ त्यांना घट्ट धरून ठेवते, इथे धरायला काहीच नसतं. म्हणून वरचं टोक टाक्याने किंवा क्लिपने अडकवतात, आणि स्लीव्हसाठी मुद्दाम जास्त लांबीचे स्टेंटही निघाले आहेत. तरी बऱ्याच जणांचा सरकतोच. छातीत दुखणं, मळमळ, उलट्या, आंबट पाणी वर येणं हे सहन करावं लागतं. पहिला आठवडा तर फारच त्रासाचा.

### पिगटेल: वाट उलटी फिरवणं

आता त्या गोंधळात टाकणाऱ्या उत्तराकडे येऊ. भोकाच्या पलीकडे, जठराच्या बाहेर, पुवाने भरलेली एक पोकळी असते. एंडोस्कोपिस्टला पडद्यावर जठराच्या गुलाबी अस्तरात एक छोटं, लालसर कडांचं तोंड दिसतं. त्यातून कधी कधी पुवाचा थेंब येताना दिसतो. तो त्या तोंडातून एक बारीक तार पलीकडे सरकवतो, एक्स-रेवर दिसणारा द्रव सोडतो आणि पोकळी केवढी आहे, कुठवर गेली आहे, ते पडद्यावर पाहतो. मग तारेवरून दोन-तीन मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची नळी ढकलतो. नळीची दोन्ही टोकं वेटोळं घेतलेली असतात. तार ओढून घेतली की एक टोक पोकळीत वळून बसतं, दुसरं जठरात. वेटोळ्यांमुळे ती सहसा सुटून येत नाही. अनेकदा अशा दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवतात.

यामुळे होतं काय, तर पू पोटाच्या पोकळीत पसरायच्या ऐवजी जठरात उतरतो आणि नेहमीच्या वाटेने खाली निघून जातो. पोकळी रिकामी राहते, हळूहळू आक्रसते. नळी ही बाहेरची वस्तू असल्यामुळे तिच्याभोवती शरीर नवी ऊती तयार करत राहतं, आणि तीच ऊती पुढे भोक भरून काढते. दर चार ते सहा आठवड्यांनी आत पाहून नळ्या बदलतात, लहान करतात किंवा काढून टाकतात. भोक उघडं ठेवल्यानेच भरतं, असं हे उलटं गणित आहे. आधी तोंड बंद केलं असतं तर मागे पू कोंडला असता आणि त्याने दुसरीकडून वाट काढली असती. फुप्फुसाच्या बाजूला किंवा त्वचेतून बाहेर.

स्टेंटच्या मानाने रुग्णाला याचा त्रास बराच कमी. अनेक जण पिगटेल आत असताना तोंडाने पातळ आहार घेतात, घरी राहतात, कामाला जातात. म्हणून पू साठलेल्या, थोड्या जुन्या गळतीत अनेक केंद्रं आज आधी पिगटेलच टाकतात.

### स्पंज आणि ओढ

पोकळी मोठी असेल, आत खूप घाण असेल, तर तिसरा मार्ग आहे. नाकातून घालतात त्या नळीच्या टोकाला स्पंजचा तुकडा कापून दोऱ्याने बांधतात. एंडोस्कोपच्या टोकावरच्या चिमट्यात दोऱ्याचं टोक धरून तो ओढत भोकापर्यंत आणि त्यातून पोकळीत नेतात. नळीचं दुसरं टोक नाकातून बाहेर काढून सक्शन यंत्राला जोडतात. दाब साधारण १२५ मिलिमीटर पारा, उणे बाजूचा. स्पंज पोकळीच्या भिंती स्वतःकडे ओढून धरतो, पू सतत शोषला जातो, आणि त्या भागाचा रक्तपुरवठा सुधारतो.

दर तीन ते पाच दिवसांनी स्पंज बदलावा लागतो. उशीर झाला तर कोवळी ऊती स्पंजच्या छिद्रांत वाढते आणि ओढताना रक्त येतं. म्हणजे दोन-तीन आठवडे रुग्णालयात मुक्काम, नाकात नळी, आणि आठवड्यातून दोनदा भूल. उपाय गुणकारी आहे, पण रुग्ण कंटाळतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

### महिने उलटले तरी बंद होत नसेल तर

बारा आठवड्यांच्या पुढे गेलेल्या गळतीला जुनाट म्हणतात. तोवर पोकळी आणि जठराची नळी यांच्यामध्ये एक जाड पडदा तयार झालेला असतो. अन्न पडद्याच्या चुकीच्या बाजूला जाऊन अडकतं. अशा वेळी एंडोस्कोपमधून हा पडदाच विजेच्या सुरीने कापतात, म्हणजे पोकळी आणि नळी मिळून एकच जागा होते. सोबत आवळलेली जागा ३० मिलिमीटरच्या मोठ्या फुग्याने ताणतात. इथे तर भोक आणखी मोठं केलं जातं! पण पोकळीतला कोंडलेला दाब संपला की ती सपाट होत जाते.

## एवढे महिने घालवण्यापेक्षा पुन्हा ऑपरेशन बरं नाही का?

रुग्णाची अवस्था गंभीर असेल, रक्तदाब ढासळला असेल, सगळ्या पोटात पू पसरला असेल, तर हो. तिथे एंडोस्कोपीची वाट पाहणं चूक. लॅप्रोस्कोपीने पोट धुऊन बाहेरून ड्रेनची नळी ठेवणं हे पहिलं काम. त्यातही सर्जन सहसा भोक शिवायच्या भानगडीत पडत नाही. पू काढतो, ड्रेन ठेवतो, आणि बाकीचं काम एंडोस्कोपीवर सोपवतो.

रुग्ण स्थिर असेल तर हिशोब बदलतो. सुजलेल्या पोटात मोठी शस्त्रक्रिया म्हणजे रक्तस्राव, दुसऱ्या अवयवाला इजा आणि नवी गळती, तिन्हींचा धोका. प्रसंगी उरलेलं जठरच पूर्ण काढावं लागतं. एंडोस्कोपीला वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक फेरीचा धोका त्या मानाने छोटा. काही जणांत सगळं करूनही भोक बंद होत नाही आणि शेवटी सर्जनकडेच जावं लागतं. तरी तोवर सूज उतरलेली असते, पोषण सुधारलेलं असतं, आणि तेच ऑपरेशन बऱ्याच कमी धोक्यात होतं.

पोषणाचा मुद्दा लोक दुय्यम मानतात. नाकातून आतड्यापर्यंत बारीक नळी टाकून, नाहीतर शिरेतून, भरपूर प्रथिनं देत राहिलं नाही तर जगातला कुठलाही स्टेंट काही करू शकत नाही. भोक भरायला लागणारी ऊती शरीराला त्यातूनच बनवायची असते.

## गिळलेलं खाली उतरतच नाही तेव्हा

गळती नाही, पण घास अडकतो, आधी घट्ट पदार्थ, मग पाणीसुद्धा उलटून येतं. बायपासमध्ये पिशवी आणि आतड्याचा जोड आक्रसला की असं होतं, सहसा पहिल्या दोन-तीन महिन्यांत. एंडोस्कोपमधून मिटलेला फुगा जोडात नेतात आणि पाण्याने फुगवतात. एका दमात पूर्ण नाही, तर १२, मग १५ मिलिमीटर असं टप्प्याटप्प्याने, गरज पडली तर काही आठवड्यांच्या अंतराने. घाई केली तर जोड फाटायची भीती, आणि फार मोठा केला तर ऑपरेशनचा उपयोगच जायचा. बहुतेकांचं एक ते तीन वेळांत भागतं.

स्लीव्हमध्ये अडथळा मधल्या वळणावर येतो. तिथे ३० मिलिमीटरचा फुगा लागतो. पण नळीला पीळ पडला असेल तर नुसतं ताणून फार काळ टिकत नाही, आणि काही जणांना स्लीव्हचं बायपास करून घ्यावं लागतं.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण ती एंडोस्कोपीपेक्षा तातडीची आहे. आठवडाभर उलट्या होत असलेल्या अशा रुग्णाच्या शरीरातला थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने संपतो. तो संपला की तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं, भ्रम होणं सुरू होतं, आणि मेंदूची हानी कायमची राहू शकते. अशक्तपणा म्हणून साखरेचं सलाईन चढवलं तर उरलासुरला साठाही खर्ची पडतो. म्हणून आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. फुगा दुसऱ्या दिवशी घातला तरी चालतो.

## जोडावरचा व्रण आणि एक स्वस्त युक्ती

बायपासच्या जोडाजवळ, आतड्याच्या बाजूला व्रण पडू शकतो. आतड्याला आम्लाची सवय नसते. धूम्रपान आणि ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या ही याची मोठी कारणं, शिवाय हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. व्रणातून रक्त वाहत असेल तर एंडोस्कोपीने क्लिप लावून किंवा जाळून थांबवतात. एरवी एंडोस्कोपीचं काम निदान करणं आणि व्रण भरला का ते पाहणं एवढंच. उपचार आम्ल कमी करणाऱ्या औषधाचा, आणि तो काही महिने.

ते औषध कॅप्सूलमध्ये येतं. छोट्या पिशवीतून कॅप्सूल विरघळायच्या आतच पुढे निसटते. कॅप्सूल उघडून आतले दाणे घेतले तर? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात उघडून घेणाऱ्यांचे व्रण भरायला साधारण तीन महिने लागले, अख्खी गिळणाऱ्यांना जवळजवळ वर्ष. एवढ्या फरकाला एक पैसाही जास्त लागला नाही. मात्र प्रत्येक कॅप्सूल उघडायची नसते, डॉक्टरांना विचारूनच करावं. आणि सिगारेट चालूच राहिली तर या युक्तीचाही उपयोग नाही.

## पित्तनलिकेतला खडा, आणि वाटच बंद

वजन भराभर उतरतं तेव्हा पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. त्यातला एखादा घसरून पित्तनलिकेत अडकला की कावीळ, ताप, असह्य दुखणं. एरवी यावर सरधोपट उपाय आहे. एंडोस्कोप जठरातून लहान आतड्याच्या पहिल्या भागात नेतात, तिथे पित्तनलिकेचं तोंड असतं, त्यातून खडा ओढून काढतात. स्लीव्हमध्ये ही वाट शाबूत असते. बायपासमध्ये ती तोडलेलीच असते.

खालून वळसा घालून जायचं म्हटलं तर आतड्याचा मोठा प्रवास आहे. त्यासाठी खास लांब एंडोस्कोप आहेत, पण बऱ्याच वेळा मुक्कामापर्यंत पोचता येत नाही. दुसरा मार्ग, लॅप्रोस्कोपीने पोटावरून त्या बाजूला पडलेल्या जठरात छिद्र पाडून तिथून एंडोस्कोप घालायचा. तो जवळजवळ नेहमी यशस्वी होतो, पण ऑपरेशन झालंच.

२०१४ च्या सुमाराला तिसरा मार्ग पुढे आला, आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत कल्पक वाटतो. टोकाला सोनोग्राफीचं यंत्र असलेला एंडोस्कोप छोट्या पिशवीत नेतात. भिंतीपलीकडे ते निकामी जठर सोनोग्राफीत दिसतं. सुई टोचून त्यात पाणी भरून ते फुगवतात. मग दोन्ही बाजूंना रुंद कडा आणि मधे आखूड बोगदा असलेला धातूचा स्टेंट दोन भिंतींमध्ये उघडतात. कडा दोन्ही भिंतींना एकमेकींशी घट्ट धरून ठेवतात. म्हणजे बायपासने तोडलेली वाट तात्पुरती पुन्हा जोडली. फार घाई नसेल तर बोगदा पक्का व्हायला दोन-तीन आठवडे थांबतात, मग त्यातून नेहमीचा एंडोस्कोप आत नेऊन खडा काढतात. काम झालं की स्टेंट काढतात आणि बोगदा मिटतो. कधी कधी तो मिटत नाही. मग अन्न पुन्हा जुन्या जठरात जाऊ लागतं, वजन वाढू शकतं, आणि तो बंद करायला आणखी एक एंडोस्कोपी करावी लागते.

## वजन परत वाढलं, त्याचं काय?

ही गुंतागुंत म्हणावी की नाही यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. शरीर हरवलेलं वजन परत मिळवायचा प्रयत्न करतं, आणि त्यात रुग्णाच्या ‘मनाच्या कमकुवतपणाचा’ वाटा लोक समजतात त्याहून फार कमी असतो. पण बायपासमध्ये एक यांत्रिक कारणही सापडतं. पिशवीचा जोड वर्षानुवर्षं ताणून रुंद होतो, अन्न लगेच खाली घसरतं आणि पोट भरल्याची जाणीव होत नाही.

एंडोस्कोपमधून टाके घालून हा जोड पुन्हा ८ ते १० मिलिमीटरवर आणता येतो. काही ठिकाणी आर्गॉन वायूच्या झोतातून वीज सोडून कडा हलकी भाजतात, व्रण भरताना ती आक्रसते. गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, चक्कर येण्याचा त्रास असणाऱ्यांनाही याचा फायदा होतो. वजनातली घट मात्र माफक, पहिल्या वर्षात एकूण वजनाच्या साधारण ८ टक्क्यांच्या आसपास. पहिल्या ऑपरेशनसारखा चमत्कार होईल या अपेक्षेने जाऊ नये. वजनाची नवी इंजेक्शनं आल्यापासून अनेक डॉक्टर आधी ती वापरून पाहतात, आणि ते योग्यच आहे.

## मग हे ऑपरेशन करूच नये का?

एवढं वाचून तसं वाटणं साहजिक आहे. पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यातला मृत्यूचा धोका चांगल्या केंद्रांमध्ये हजारात एकाच्या आसपास असतो, आणि तीव्र स्थूलता व मधुमेह घेऊन तसंच राहण्याचा धोका वर्षानुवर्षं चालू राहतो. ऑपरेशन करायचं का, यापेक्षा कुठे करायचं हा प्रश्न जास्त कामाचा आहे. तिथे गळती झाली तर एंडोस्कोपी कोण करेल, स्टेंट आणि पिगटेल दोन्ही उपलब्ध आहेत का, रात्री-अपरात्री सीटी स्कॅन होतो का, हे आधीच विचारावं. या प्रश्नांवर चिडणाऱ्या डॉक्टरपेक्षा उत्तर देणारा डॉक्टर निवडावा.

## एंडोस्कोपीला न दिसणारं दुखणं

बायपासनंतर आतड्यांच्या नव्या मांडणीत त्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यांमध्ये फटी राहतात. वजन उतरलं, आतली चरबी गेली, की त्या रुंदावतात आणि आतड्याचा वेढा त्यात अडकू शकतो. कधी वर्षांनंतर, कधी गरोदरपणात. पोटात कळा येतात, जेवल्यावर वाढतात, मधेच थांबतात. एंडोस्कोपी केली तर सगळं छान दिसतं, कारण बिघाड आतड्याच्या बाहेरच्या बाजूला आहे. वेढ्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत आतडं काळं पडतं. याला लॅप्रोस्कोपीच लागते, तीही तातडीने. ‘एंडोस्कोपी नॉर्मल आहे, ॲसिडिटी असेल’ म्हणून घरी पाठवलेले रुग्ण यात सापडतात.

म्हणून बायपास झालेल्या माणसाने पाकिटात एक कागद ठेवावा. कुठलं ऑपरेशन, कधी, कुणी केलं, ब्रुफेनसारख्या गोळ्या नकोत, उलट्या चालू असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन हवं. अनोळखी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, उलट्या थांबवायला कुणी नाकातून नळी घालायला लागलं, तर ती न पाहता ढकलल्याने छोट्या पिशवीला किंवा ताज्या जोडाला भोक पडू शकतं. तेव्हा ‘पोट दुखतंय’ याच्याही आधी ‘माझं बायपास झालंय’ हे वाक्य सांगायचं.